धूप शहरांची, झीज मोटारींची

जेन जेकब्ज यांचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हे पुस्तक १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. शहर या विषयावर गंभीरपणे लिहिणाऱ्या कोणालाही त्यानंतर या पुस्तकाला वळसा घालून जाता आलेले नाही. त्यातली सुरुवातीची प्रकरणे जगभर गाजली. फुटपाथवर दिवसभर चालणारी ये-जा, दुकानदारांची आणि खिडकीतल्या शेजाऱ्यांची रस्त्यावर असलेली नजर, त्या नजरेतून आपसूक मिळणारी सुरक्षितता, हे सारे आज नगररचनेच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. बावीस प्रकरणांच्या या पुस्तकातल्या अठराव्या प्रकरणाबद्दल मात्र त्या मानाने कमी बोलले जाते. शहरांची धूप होऊ द्यायची की मोटारींची झीज करायची, असा पर्याय त्याच्या शीर्षकातच मांडलेला आहे. रस्ता, मोटार, बस आणि पायी चालणारा माणूस यांच्या नात्याबद्दल इतके नेमके लेखन मी दुसरे वाचलेले नाही. रस्ता रुंद केला की वाहतूक सुटते, असे ज्या समाजात अजून मानले जाते, त्याने तर हे प्रकरण सावकाश, ओळीओळीने वाचावे असे मला मनापासून वाटते.

आधी लिहिणाऱ्या बाईंबद्दल थोडे. जेकब्जबाई नगररचनाकार नव्हत्या. १९१६ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी त्यांचा जन्म झाला, तरुणपणी त्या न्यूयॉर्कला आल्या. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. १९५२पासून त्या ‘आर्किटेक्चरल फोरम’ या मासिकात काम करत होत्या आणि कचेरीत सायकलने जात. मॅनहॅटनच्या ग्रेनिच व्हिलेज भागात, ५५५ हडसन स्ट्रीट या पत्त्यावर, जिथे पूर्वी खाऊचे दुकान होते अशा एका जुन्या घरात त्या कुटुंबासह राहत. त्यांचा अधिकार पाहण्यातून आला होता. या पुस्तकात छायाचित्रे नाहीत. चित्रे तुमच्या भोवतीच आहेत, तीच नीट पाहा, असे त्या वाचकाला सुरुवातीलाच सांगतात. त्यामुळे चित्राचे जवळजवळ सगळे काम गद्याला करावे लागते आणि या गद्याची ताकद तिथेच तयार होते. एखादा सिद्धांत मांडण्यापूर्वी बाई आपल्याला एका विशिष्ट कोपऱ्यावर उभे करतात, तिथे काय चालले आहे ते दाखवतात आणि मगच बोलू लागतात.

अठराव्या प्रकरणाकडे जाण्याची वाट हडसन स्ट्रीटच्या फुटपाथवरून जाते. पुस्तकाच्या पूर्वार्धात बाईंनी आपल्या रस्त्याचा एक अख्खा दिवस लिहून काढला आहे. सकाळी आठनंतर त्या स्वतः कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतात. लाँड्रीवाला आपली हातगाडी सोडवतो, न्हावी खुर्ची बाहेर मांडतो, हार्डवेअरवाला तारेची भेंडोळी दारात ठेवून दुकान उघडल्याचे जाहीर करतो, शाळकरी मुले तीन दिशांना तीन शाळांकडे पांगतात. फळवाला आणि बाई एकमेकांकडे पाहतात, दोघेही रस्त्यावर एकदा वरखाली नजर टाकतात आणि मान हलवून आपापल्या कामाला लागतात. सगळे ठीक आहे, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ. या वर्णनात बाईंनी नृत्याची प्रतिमा वापरली आहे. एका तालावर एकसारखी पावले टाकणारी ही कवायत नव्हे. इथे प्रत्येक नर्तकाला आपली भूमिका आहे, आणि या भूमिका एकमेकींत गुंफून रोज नवा प्रयोग उभा राहतो. हे वर्णन रम्य आहे म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. मला त्यात एक हिशेबही दिसतो. हे सारे घडायला जागा लागते. न्हाव्याच्या खुर्चीला, मुलांच्या खेळाला, दोघांनी थांबून बोलण्याला किती रुंद फुटपाथ लागेल, तेही बाई सांगतात. तीस-पस्तीस फुटांच्या फुटपाथवर मुलांचे जवळजवळ सगळे खेळ, सावलीची झाडे, चालणारी माणसे आणि मोठ्यांचा वावर हे सारे मावते. एवढा प्रशस्त फुटपाथ क्वचितच मिळतो, कारण वाहनांसाठी पहिली कात्री नेहमी त्यालाच लागते. बाईंच्या स्वतःच्या रस्त्यावरही फुटपाथचे दहा फूट कापण्याचा महापालिकेचा बेत होता. रहिवाशांनी एकत्र येऊन तो हाणून पाडला. ही हकिकतही पुस्तकात आहे.

फुटपाथ वाचवण्याच्या लढाईत उतरलेली बाई वाहतुकीवर लिहायला बसली, म्हणजे ती मोटारीवर आरोपपत्र ठेवणार, अशी आपली अपेक्षा असते. प्रकरणाची सुरुवातही तशीच होते. हमरस्ते, वाहनतळ, पेट्रोल पंप यांनी शहरांचे लचके कसे तोडले, रस्त्यांची पोकळ मैदाने कशी झाली, हे त्या स्पष्ट सांगतात. पण लगेच त्या थांबतात आणि वाचकाला एक कल्पना करायला लावतात. समजा, मोटारीचा शोधच लागला नसता आणि आपण सगळे जलद, स्वच्छ, उत्तम अशा सार्वजनिक वाहनांनी फिरलो असतो. मग आपली शहरे चांगली झाली असती का? बाईंचे उत्तर नाही असे आहे. ज्या नगररचनेने माणसांना एकसारख्या इमारतींच्या वसाहतींत बसवले, घर एकीकडे, दुकान दुसरीकडे आणि काम तिसरीकडे नेऊन ठेवले, जिने रस्त्याचे जीवन हाच रोग मानला, तिने मोटारीशिवायही शहर मारलेच असते. मोटारीच्या माथी आपण फार काही मारतो, असे त्या म्हणतात.

हे वळण मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. बाई मोटारीला निर्दोष ठरवत नाहीत, त्या प्रश्नांचा क्रम बदलतात. शहर कशासाठी असते, हे आधी विचारा, वाहनांचे नंतर पाहू, असा त्यांचा आग्रह आहे. शहर निवडीसाठी असते, असे त्यांचे उत्तर आहे. कामाची, मालाची, शिक्षणाची, ओळखीची, विचारांची निवड. आणि सहज फिरता आले नाही तर या निवडीला काही अर्थ उरत नाही. म्हणून चांगली वाहतूक ही शहराची मूलभूत गरज आहे, आणि म्हणूनच जवळजवळ असलेल्या गोष्टींची वीण उसवून केलेली वाहतूक निरुपयोगी आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानणे कठीण असते. मोटारप्रेमी पहिले वाक्य घेतात, मोटारविरोधक दुसरे घेतात. बाई दोन्ही हातांत धरून चालतात.

पुढे येतो घोड्यांचा उतारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनमधला, घोडागाड्यांनी गच्च भरलेला रस्ता बाई आपल्यापुढे आणतात. लिदीचा चिखल, नालांचा आणि चाकांचा कानठळ्या बसवणारा आवाज, अंगावर उडणारी घाण. जुन्या रस्त्यांबद्दलचे आपले हळवेपण या वर्णनाने पार धुऊन निघते. इंजिन आले तेव्हा ते शहरांच्या सुटकेचे साधन होते, हे आपल्याला मान्य करावे लागते. एक यंत्रवाहन पाच-सहा घोड्यांचे काम करू शकत होते. तेवढ्या घोड्यांच्या जागी एकच वाहन आणले असते, तर रस्ते मोकळे झाले असते. आपण उलटे केले, एकेका घोड्याच्या जागी पाच-सहा वाहने आणली. अख्ख्या शतकाची चूक बाईंनी या साध्या त्रैराशिकात पकडली आहे. गद्याचे हे सामर्थ्य थक्क करणारे आहे. इथे एकही विशेषण चढा सूर लावत नाही. आकडे उलटतात आणि त्यांच्याबरोबर आपली समजूतही उलटते.

या त्रैराशिकाची सरळ बाजू मुंबईने पाहिलेली आहे. १८७४ साली कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम मुंबईत सुरू झाली. १९०५ साली ती बंद झाली आणि १९०७पासून विजेची ट्राम धावू लागली. १९२० साली दुमजली ट्रामही आली. अनेक घोड्यांचे काम एका डब्याने करायचे, हा जेकब्जबाईंना हवा असलेला हिशेब मुंबईच्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालू होता. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. त्यानंतर रस्त्यावर बस राहिली, पण तिच्याभोवती मोटारींची संख्या वाढतच गेली. जेकब्जबाईंचा हा घोड्यांचा उतारा मुंबईकराला ओळखीचा वाटतो, तो यामुळे.

प्रकरणाच्या मध्यभागी धुपेची प्रतिमा आहे, आणि तिच्यासाठी बाईंनी वाक्यरचनाही तशीच निवडली आहे. एक रस्ता इथे थोडा रुंद होतो, दुसरा तिथे सरळ होतो. एक मोठा मार्ग एकेरी होतो. सिग्नल मोटारींच्या वेगाशी जुळवले जातात. पुलावर दुसरा मजला चढतो. मग एक द्रुतगती मार्ग, मग त्यांचे जाळे, आणि मोटारी उभ्या करायला आणखी आणखी जमीन. या छोट्या कृती एकामागून एक येत राहतात. त्यांतली कोणतीही एकटी घातक नसते, प्रत्येकीला त्या वेळी सबळ कारण असते. पावसाने माती जाते तशी शहराची जागा कणाकणाने जाते. वाचताना आपण कुठे विरोध करायला हवा होता ते सापडत नाही, आणि नेमके हेच बाईंना दाखवायचे आहे. रस्ता वाढला की मोटार सोयीची होते, सोय झाली की मोटारी वाढतात, मोटारी वाढल्या की पुन्हा रस्ता वाढवण्याची मागणी होते. दरम्यान गोष्टी एकमेकींपासून दूर जातात आणि मोटारीशिवाय चालेनासे होते. हे चक्र स्वतःलाच गती देत राहते. लॉस एंजेलिस हे त्याचे पुढच्या टप्प्यावरचे उदाहरण म्हणून बाईंनी दिले आहे. पुस्तकानंतर वर्षभरात, १९६२ साली, अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने हेच निरीक्षण नियमाच्या रूपात मांडले: गर्दीच्या वेळी शहरी द्रुतगती मार्ग त्याच्या क्षमतेपर्यंत भरतोच.

या चक्रात सर्वांत आधी चिरडली जाते ती बस. प्रकरणातला हा भाग वाहतूक अभियंत्यांनी आणि बससेवा चालवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. मॅनहॅटनचे रुंद मार्ग एकेरी झाले तेव्हा मोटारींचा वेग वाढला. बसच्या प्रवाशाला मात्र जाताना एका मार्गावर चढायचे आणि परतताना दुसऱ्याच मार्गावर उतरायचे, अशी पायपीट आली. दोन मार्गांमधले अंतर तिथे मोठे असते. सिग्नलांची साखळी अशी जुळवली जाते की न थांबता जाणाऱ्या मोटारीला एकामागून एक हिरवे दिवे मिळावेत. बस तर प्रत्येक थांब्यावर थांबते, म्हणून ती या साखळीतून निसटते आणि पुढे लाल दिव्यांवर अडकत जाते. बसला सोयीचे सिग्नल मोटारीला नकोसे असतात, मोटारीला सोयीचे सिग्नल बसला मारक ठरतात. एकेरी मार्गाचा आदेश काढताना बसच्या विरोधात कोणी काही बोललेले नसते. तरीही प्रवासी हळूहळू गळतात, उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात, मग आणखी प्रवासी गळतात. शेवटी लोकांनाच बस नको आहे, असा निष्कर्ष काढला जातो. पुण्यात शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता ही एकेरी जोडी वर्षानुवर्षे आहे. जाताना एका रस्त्याने आणि येताना दुसऱ्याने, हे पेठांतल्या बसप्रवाशाच्या अंगवळणी पडले आहे. पिशव्या घेऊन, गुडघे सांभाळत त्या दोन रस्त्यांमधले बोळ ओलांडणाऱ्या आजीला जेकब्जबाईंचा हा परिच्छेद समजावून सांगावा लागणार नाही.

इथे नवव्या प्रकरणातले एक उदाहरण जोडून वाचावे. मॅनहॅटनच्या वेस्ट एटीएट्थ स्ट्रीटवर राहणारा एक माणूस बाईंनी कल्पिला आहे. त्याचा ब्लॉक आठशे फूट लांब आहे. पश्चिमेला गेला की दुकाने आणि बस, पूर्वेला गेला की उद्यान आणि भुयारी रेल्वे. मधून कुठेही वाट फुटत नाही, म्हणून शेजारच्या सत्त्याऐंशीव्या किंवा एकोणनव्वदाव्या रस्त्यावर तो वर्षानुवर्षे पाऊलही टाकत नाही. मधे एखादा आडवा रस्ता काढला, तर त्याला रोज वेगळी वाट निवडता येईल, वाटेवर दुकाने उगवतील, शेजारी शेजाऱ्याला भेटेल. थांबा कुठे आहे, याइतकेच थांब्यापर्यंतची वाट कशी आहे यालाही महत्त्व आहे, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. बससेवा बसच्या दारापासून सुरू होत नाही, ती घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते. आपल्याकडे मेट्रोची स्थानके उभी राहतात आणि स्थानकातून बाहेर पडल्यावर फुटपाथच सापडत नाही, तेव्हा हा आठशे फुटांचा ब्लॉक आठवतो.

मग येते वॉशिंग्टन स्क्वेअरची हकिकत. प्रकरणाचा कळस मला इथे वाटतो. फिफ्थ अव्हेन्यू जिथे संपतो, तिथे हे छोटे उद्यान आहे आणि त्याच्या मधून मोटारींचा एक रस्ता जात असे. शहराचे बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना तिथून मोठा वाहतूकमार्ग न्यायचा होता. विरोध करणाऱ्यांपैकी बरेच जण आहे तो रस्ता राहू द्या, वाढवू नका, एवढेच म्हणत होते. शर्ली हेज आणि त्यांच्या सोबतिणींनी धाडसाची मागणी केली: आहे तो रस्ताही बंद करा. वाहतूक खात्याने इशारा दिला की, उद्यानातला रस्ता बंद झाला तर सगळ्या मोटारी भोवतालच्या गल्ल्यांत शिरतील आणि कोंडीने लोक हैराण होतील. तरीही १ नोव्हेंबर १९५८ रोजी रस्ता प्रायोगिक तत्त्वावर बंद झाला. त्या दिवशी फीत कापण्याऐवजी फीत बांधण्याचा समारंभ झाला. पुढे मोजणी झाली. भोवतालच्या रस्त्यांवर मोटारी वाढल्या नव्हत्या, उलट बऱ्याच ठिकाणी किंचित घटल्या होत्या.

या प्रसंगाचे कथन बाईंनी अतिशय संयमाने केले आहे. या लढ्यात त्या स्वतः होत्या, पण विजयाचा आवेश त्यात नाही. अंदाज काय होता, घडले काय, मोजणीत काय निघाले, एवढे सांगून त्या पुढचा प्रश्न विचारतात: मग त्या मोटारी गेल्या कुठे? त्यांच्या मते पाण्याला एक वाट बंद केली की ते दुसरीकडून वाहणारच, हे गृहीतक मोटारींना लागू नाही. मोटारीत माणूस बसलेला असतो, आणि माणूस ठरवू शकतो. कोणी लांबची वाट धरतो, कोणी भुयारी रेल्वेने जातो, कोणी जवळच्या दुकानात काम उरकतो, कोणी ती फेरीच टाळतो. रस्ते वाढवले की मोटारी वाढतात हे खरे असेल, तर रस्ते आवरले की त्या आवरतात हेही खरे असायला हवे. धुपेचे चक्र उलट दिशेने फिरवता येते. हा प्रश्न बाईंनी आयुष्यभर सोडला नाही. २००४ साली आलेल्या ‘डार्क एज अहेड’ या अखेरच्या पुस्तकातही त्यांनी वॉशिंग्टन स्क्वेअरची आठवण काढली. समोर पुरावा असताना वाहतूकतज्ज्ञांना कुतूहल कसे वाटले नाही, अशी कठोर विचारणा त्यात आहे.

झीज कशी करायची, याबद्दल बाईंचे म्हणणे फार समंजस आहे. मोटारींना शिक्षा करणे हा हेतू ठेवला तर लोक चिडतील आणि हाती काही लागणार नाही. रस्त्यावर इतर चांगल्या गोष्टींना जागा द्या, मोटारींची जागा त्यातून आपोआप कमी होईल. शाळेसमोर फुटपाथ रुंद करा. नाट्यगृहासमोर प्रेक्षकांना उभे राहायला जागा द्या. झाडांची दुहेरी रांग लावा. एखादी गल्ली छोट्या चौकात नेऊन संपवा. सिग्नल बसच्या चालीला जुळवा. मालवाहू ट्रक आणि बस यांना शहराची गरज म्हणून झुकते माप द्या. आणि हे सारे सावकाश, पण सातत्याने करा, कारण माणसांच्या सवयी आणि कामाच्या जागा एका रात्रीत बदलत नाहीत. सार्वजनिक वाहतूकही या झिजेबरोबर पायरीपायरीने सुधारली पाहिजे. केवळ मोटारी हटवून मोकळा केलेला रस्ता बाईंना पुरेसा वाटत नाही. व्हिक्टर ग्रुएन यांनी १९५६ साली फोर्ट वर्थ शहरासाठी केलेल्या आराखड्याचे त्या कौतुक करतात. भोवती वळसामार्ग आणि वाहनतळ, आत माणसांनी गजबजलेले रस्ते, असा तो आराखडा होता. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी त्यातली गजबज सोडून दिली आणि फक्त मोटारबंदी उचलली, असेही त्या बजावतात. रस्त्यावर माणसांना येण्याचे कारण उरले नाही, तर मोटार नसलेला रस्ताही ओसच पडतो.

या लेखनाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. सार्वजनिक वाहतुकीचे महत्त्व बाईंनी इतके ठासून सांगितले, पण ती प्रत्यक्ष चालवायची कशी यावर त्या फार थोडे लिहितात. किती मिनिटांनी बस यावी, भाडे किती असावे, मार्गांचे जाळे कसे विणावे, पैसा कुठून यावा, याची उत्तरे इथे शोधू नयेत. ग्रेनिच व्हिलेजच्या जमिनीखाली भुयारी रेल्वे होती. हडसन स्ट्रीटवरचे ते नृत्य बऱ्याच अंशी तिच्या आधारावर चालले होते. हा आधार बाईंना इतका सवयीचा होता की, तो वर्णनात ओझरताच येतो. ज्या शहरात असा आधार नाही, तिथे मोटारींची झीज आणि बसची भरभराट यांची सांगड जास्त काटेकोरपणे घालावी लागेल. वर्णद्वेषाने अमेरिकेतल्या वस्त्यांचे जे केले, त्याचा विचारही पुस्तकात तोकडा पडतो. आणि बाईंनी जिवंत रस्त्यांचे जे मोल दाखवले, ते पुढे बाजारालाही कळले. ग्रेनिच व्हिलेज आज लाँड्रीवाल्याला आणि न्हाव्याला परवडण्यापलीकडे गेले आहे.

तरीही प्रकरणाचा मुख्य दावा काळाच्या कसोटीवर टिकला. बाई फक्त लिहून थांबल्या नाहीत. लोअर मॅनहॅटन द्रुतगती मार्गाविरुद्धच्या लढ्यात १९६८ साली त्यांना अटक झाली. तो मार्ग अखेर झाला नाही. त्याच वर्षी त्या टोरांटोला गेल्या आणि तिथल्या स्पडायना द्रुतगती मार्गाविरुद्धच्या चळवळीत उतरल्या. १९७१ साली तोही थांबला. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, २००९ साली, न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा भाग मोटारींना बंद करून तिथे खुर्च्या मांडल्या. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये हडसन स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या फोर्टीन्थ स्ट्रीटवर बसला अग्रक्रम मिळाला, दिवसा आरपार जाणाऱ्या खाजगी मोटारींना तिथे मनाई झाली आणि बसचा वेग वाढला. ५ जानेवारी २०२५पासून साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या मॅनहॅटनमध्ये येणाऱ्या मोटारींना गर्दीच्या वेळी नऊ डॉलर शुल्क द्यावे लागते आणि त्यातून सार्वजनिक वाहतुकीसाठी पैसा उभा राहतो. शुल्क हा काही बाईंनी सुचवलेला उपाय नव्हे. पण त्यामागचा विचार त्यांच्या प्रकरणात १९६१ सालीच मांडलेला होता: मोटारींची संख्या ही निसर्गाची देणगी नसते, ती आपल्या निर्णयांची बेरीज असते.

साहित्यकृती म्हणून या प्रकरणाकडे पाहिले, तर त्याचा सर्वांत मोठा गुण मला न्यायबुद्धी हा वाटतो. बाईंचा राग खरा आहे, पण तो मोटार चालवणाऱ्या माणसावर नाही. मोटारीत बसलेला आणि फुटपाथवर चालणारा एकच माणूस असतो, हे त्या विसरत नाहीत. म्हणून त्यांचे लेखन वाचून झाल्यावर आपण कोणाचा द्वेष करू लागत नाही, आपण रस्ता मोजू लागतो. फुटपाथ किती उरला आहे? बस किती वेळ लाल दिव्यावर उभी आहे? शाळेच्या दारासमोर मुले कुठे उभी राहतात? असे प्रश्न डोळ्यांना सवयीचे करून देणे, हे नगररचनेवरच्या एका प्रकरणाने केलेले फार मोठे काम आहे.

मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. हे प्रकरण मिळवून वाचा. आपल्या प्रभागात रस्ता रुंदीकरणाची, उड्डाणपुलाची किंवा एकेरी वाहतुकीची सूचना निघते, तेव्हा हरकती नोंदवण्यासाठी मुदत दिली जाते का ते विचारा, आणि दिली असेल तर त्या मुदतीत हरकत नोंदवा. या कामानंतर फुटपाथ किती फूट उरणार आणि बसच्या प्रवाशाला किती जास्त चालावे लागणार, हे दोन प्रश्न त्यात लेखी विचारा. हडसन स्ट्रीटचे दहा फूट वाचवणारी माणसेही तुमच्याआमच्यासारखे रहिवासीच होती.